परतीची तार

केम्चीच्या धक्क्याशी ओहोटीच्या चिखलात
‘पोर्फिआदा’ एका कुशीवर कलंडली आहे.
पोर्फिआदा म्हणजे हट्टी.
तिचा डावीकडचा तांबडा दिवा लागत नाही.
बेलार्मिनो सांगतो, बल्ब तीनदा बदलला,
दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या,
मग खाऱ्या वाऱ्याला,
मग पोराला. तो पुंता अरेनासला निघून गेला
आणि जाताना नक्की काहीतरी हलवून गेला.

मी गुडघ्याखाली पोतं घेते, पिवळा मीटर काढते,
लाल आणि काळी सळई आधी एकमेकींना टेकवते.
टीं.
कास्त्रोच्या वर्कशॉपातली म्हातारी फिदेलिना
पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची:
दुसऱ्याला विचारायच्या आधी
तुझं तुला ऐकू येतं का, ते बघ.

बॅटरीवर बारा पूर्णांक सहा.
फ्यूजच्या अलीकडे तेच, पलीकडेही तेच.
बल्ब काढून रिकाम्या होल्डरला टोकं लावली,
बारा पूर्णांक सहा.
“वीज तर येतेय,” बेलार्मिनो म्हणतो,
“दिव्यालाच ती नकोय.”

बल्ब पुन्हा बसवते. टोकं तिथेच.
आकडा पायरी चुकल्यासारखा खाली येतो:
तीन पूर्णांक एक.

“अंगावर ओझं नसलं की सगळेच बारा दाखवतात,” मी म्हणते,
“तुझा मेहुणासुद्धा.”
तो हसतो. नवं जाळं अजून मेहुण्याकडेच आहे.

आता उरलेले नऊ कुठे सांडले?
जाणाऱ्या तारेवर शोधते, टोकापासून टोकापर्यंत:
शून्य, शून्य, नगण्य.
मग लांब वायरीचा चिमटा बॅटरीच्या ऋण बाजूला लावते
आणि दुसरं टोक धरून दिव्याच्या मागच्या अंगाला जाते.
नऊ पूर्णांक चार.
म्हणजे जाताना काही हरवलं नव्हतं.
परतताना हरवलं.

बेलार्मिनो मीटरकडे बघत राहतो.
वर सीगल ओरडतात, तो टोपी काढून पुन्हा घालतो.
“नाताळला येतो म्हणालाय,” तो म्हणतो,
मी न विचारता.

मासळीच्या पेटीखालची फळी उचकटली.
तिथे एक जोड. वर काळी टेप, टेपवर जाळ्याचा दोरा
दुहेरी फिरवून आवळलेला.
“ही गाठ माझी,” तो हळूच म्हणतो,
“अकरा वर्षांपूर्वीची. तुफानात बांधली होती.”

गाठ उत्तम होती.
खरं सांगते, एक वेढासुद्धा सैल पडला नव्हता.
आत तांब्याचं जंगाल झालं होतं,
हिरवं, ओलसर, बोटाला लागताच भुगा.

कापलं. आत काळं.
आणखी कापलं. अजून काळं.
तिसऱ्यांदा कापल्यावर तार गुलाबी निघाली,
नुकत्या जन्मलेल्या कशाच्यातरी कानासारखी.
नवा तुकडा, दाबून बसवलेला जोड, वर गरम करून चिकटवलेली नळी.
दिव्यापाशी बारा पूर्णांक तीन.
चिखलावर भर दुपारी तांबडा ठिपका पडला
आणि एका खेकड्याने वाट बदलली.

मजुरीचं त्याने अर्धी गोणी बटाट्यांवर भागवलं.
मग म्हणाला, “हे माझ्यावर लावलं तर काय दाखवेल?”
“धर,” मी म्हटलं.
दोन हातांत दोन सळया, डोळे आकड्यावर.
लाखांच्या घरात काहीतरी थरथरत होतं.
“बाप रे! एवढा विरोध?”
“कोरड्या कातडीचा. हात बुडव.”

त्याने पाण्यात हात घातले, पुन्हा धरलं.
आकडा झरझर उतरायला लागला,
कुठे थांबतो ते बघायला आम्ही दोघं वाकलो,
आणि तेवढ्यात, दहा मिनिटं बटण दाबलं नाही म्हणून,
मीटर स्वतःच झोपी गेला.